खिडकीतले गहू

नागपूर,
६ जुलै २०२५

ती. मामीजी,
नमस्कार.

तुम्ही म्हणाल, रोज फोन होतो तर ही पत्र कायले लिहून राहिली? आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

जूनमध्ये मी दोन दिवस घरी आले, आठवते ना. कोहमाऱ्याच्या स्टॅण्डवर बसमधून उतरले तर खुशी मामाजींच्या धोतराआडून ओरडली, "नूतन आली! नूतन आली!" आजूबाजूचे लोक हसले. मी पण हसले. घरी आल्यावर ती तुमचा पदर धरून "माय, मले भात दे" म्हणाली, तेव्हा मात्र हसू आलं नाही. न्हाणीत जाऊन रडले. तुम्ही विचारलं, डोळे लाल काऊन? मी म्हटलं, साबण गेला.

यात तुमचा दोष नाही मामीजी. तीन वर्षांची लेक सासूच्या मांडीवर टाकून नर्सिंग शिकायला मीच आले. घरात सगळे मला नूतन म्हणतात, म्हणून तीही म्हणते. फोनवर तर ती तोंड फिरवते आणि लाल बटण दाबून पळते. हे तर रायपूरच्या ट्रकवर, यांनाही ती अर्धी अनोळखीच. पण पुढच्या एप्रिलमध्ये माझा कोर्स संपेल. नोकरी लागली की जूनमध्ये तिला पहिलीसाठी माझ्याजवळ न्यायचं आपलं ठरलं आहे. तोपर्यंत मी तिची नुसती नूतनच राहिले, तर ती कोणाचं बोट धरून येईल? जबरदस्तीने बसमध्ये कोंबू का तिला?

आमच्या मॅडमनी लहान मुलांना घरच्या घरी खेळातून कसं शिकवायचं ते सांगितलं. मी ठरवलं, खुशीच्या नावाने पाकीट पाठवायचं आणि त्यात एक खेळ. फोन हातातून निसटतो, पाकीट तर हातात राहते. दुधाची तहान ताकावर म्हणा हवं तर.

पहिला खेळ सोपा आहे. तुरीची डाळ, वाटाणे आणि चिंचोके एका ताटात मिसळायचे. खुशीने तीन वाट्यांत वेगळे करायचे. मग विचारायचं, लहान कोणतं, मोठं कोणतं, गुळगुळीत कोणतं. तिला वेळ लागला तर लागू द्यायचा. आणि एक विनंती, तिला सांगा की हे आईने पाठवलं.

तुमची,
नूतन

*

नवेगाव बांध
१५ जुलै

नूतनले रुख्माचा आशीर्वाद.

मी चौथी शिकली आहे, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, समजून घेजो. पोस्टमन श्यामलालनं दारात सायकल उभी केलन आनि "कुमारी खुशी कोन आहे इथं?" असा आवाज देल्लन. पोट्टी चड्डीवरच धावली. त्या दिवसापासून श्यामलाल दिसला का त्याच्या सायकलमागं लागून रायली.

धानाचा रोवना चालू आहे. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरली, आनि सुनबाई लिवते का डाळ-चिंचोके मिसळा आनि पोरीले निवडाले लावा! अवो बाई, निवडलेलं धान्य मिसळते का कोनी? रोवन्याच्या बायाइले सांगतलं त' त्या बांधीत बसून हसल्या.

पन केलं. पोट्टी एकेक दाना उचलून नाकापाशी नेऊन पाहे. माह्याच्यानं पाहून होईना. म्या दोन मुठी झपझप निवडून टाकल्या. त' म्हनते, "माय, हे माहं पाकीट आहे, तुहं नाई!" हात मारलन माह्या हातावर. चिंचोके गुळगुळीत, असं बराबर सांगतलन. वाटाने खाऊन टाकलन.

आता तुह्या विनंतीचं. म्या म्हनलं, "हे तुह्या आईनं पाठवलन." म्हनते, "आई कोन?" म्हनलं, "नूतन." म्हनते, "नूतन त' नूतन आहे." तुले वाईट वाटन, पन लपवून का करू.

म्या तिले माय म्हनाले शिकवलं नाई. नाक जे पुसते ते माय, असं पोट्ट्याइचं रायते. सारे म्हनतात तसं ते म्हनते. तुह्या मामाजीचं नाव म्या आजवर घेतलं नाई, आनि हे तीन फुटाची पोट्टी सकाळी उठून "मनिराम, चाय पेला का?" म्हनते. ते बी हो म्हनतात!

आनि खरं सांगते, ते माय म्हनते त' मले गोड वाटते. माहा रोशन ट्रकवर गेला तसं या घरात मले माय म्हनाले कोन होतं? तरी जून आला का ते जाईन, हे मले समजते. रोज समजते.

दुसरं पाकीट लवकर पाठवजो. श्यामलाल माह्यावर रागावून रायला.

रुख्मा

*

नागपूर,
२१ जुलै

ती. मामीजी,
नमस्कार.

तुमचं पत्र मी होस्टेलच्या पोरींना वाचून दाखवलं. "मनिराम, चाय पेला का" हे आता आमच्या मेसमध्ये सगळे एकमेकांना म्हणतात. खालचा मजकूर मात्र कोणाला वाचून दाखवला नाही. तो मी एकटीने वाचला.

निवडलेलं धान्य मिसळायला लावलं हे चुकलंच माझं. पण तुम्ही पण ना मामीजी! तिचा खेळ तिलाच खेळू द्या.

या वेळी दोन खेळ. एक, हाताने मोजायचं. खुशीने आपल्या वितीने खाट मोजायची, दार मोजायचं, मामाजींना मोजायचं. मग तिचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद मला पाठवा. मी इथे त्याच्यावर माझा हात ठेवून पाहीन.

दुसरा खेळ गव्हाचा. राशनचे गहू असतीलच. दोन डब्यांत माती घालून सारखे गहू पेरा. एक डबा खिडकीत ठेवा, दुसरा टोपलीखाली झाकून. दोन्हीला सारखं पाणी. मग खुशीला चित्र काढू द्या आणि विचारा, कोणतं रोप चांगलं? रोपाला उजेड लागतो, हे तिचं तिने ओळखलं पाहिजे. तुम्ही सांगू नका.

तुमची,
नूतन

*

नवेगाव बांध
८ ऑगस्ट

नूतनले आशीर्वाद.

तुहं पाकीट ऐन नागपंचमीच्या तोंडावर भेटलं. म्या म्हनलं, पाय, पोरगी नागपूरले गेली पन भुजलीचा सन विसरली नाई! पळसाच्या पानाचे दोने केले, वारुळाची माती आनली, गहू पेरले आनि कोठीच्या खोलीत अंधारात ठेवले, दरसाली ठेवतो तसे. मंग तुहं पत्र पुन्हा वाचलं त' त्यात भुजलीचं नावच नाई. म्हनून तू म्हनली तसा एक डबा खिडकीतबी ठेवला.

आधी मोजनीचं ऐक. खाट मोजलन, दार मोजलन. तुह्या मामाजीले मोजाले घेतलन त' त्याइले गुदगुल्या झाल्या. बैलाची शेपूट मोजाले गेली, बैलानं शेपूट मारलन तोंडावर. रडली नाई. "बैल मोजू देत नाई, खोटा आहे," म्हनते. हाताचा कागद पाकिटात टाकला आहे. पिवळा डाग हळदीचा आहे, भुजलीले हळदीचं पानी घालतात ना.

आता गव्हाचं. गजब झालं! अंधारातले गहू विताएवढे उंच झाले, पिवळे, सोन्यासारखे. खिडकीतले बुटके रायले. खुशीनं पाह्यलन आनि टाळ्या वाजवलन, "अंधारातले जिंकले!" आता गल्लीभर सांगत फिरून रायली का झाडाले उजेड लागत नाई, झाकून ठेवा. शेजारच्या नंदाबाईनं आपल्या मिरचीच्या रोपावर टोपली घातलन.

तुनं त' उलटं लिवलं होतं वो. तुह्या मॅडमले इचारजो.

परवा भुजली तलावात शिरवतो, मंग साऱ्याइले मूठ-मूठ वाटतो. खुशीले नेतो. चित्र सोबत आहे.

रुख्मा

*

नागपूर,
१३ ऑगस्ट

ती. मामीजी,
नमस्कार.

खुशीच्या हाताचा कागद मी माझ्या कपाटाला आतून चिकटवला. तिची बोटं माझ्या दुसऱ्या पेरापर्यंतच येतात.

भुजली मी खरंच विसरले होते. माहेरी मुर्रीला लहानपणी पाहिली होती, पण मला ते आठवलंच नाही. माझा सगळा प्रयोगच बिघडवला तुम्ही! नंदाबाईंना म्हणावं, टोपली काढा लवकर.

आता खुशीला हे समजावून सांगा. अंधारातलं रोप उंच होते ते सुखाने नाही. ते उजेड शोधत ताणते. गव्हाच्या दाण्यात जेवढी शिदोरी असते तेवढ्यावर वाढते, ती संपली की मान टाकते. म्हणून ते पिवळं आणि लुळं असते. नुसतं उंच दिसते म्हणून ते चांगलं आहे असं समजायचं नाही. वेळेवर त्याला उजेडात काढलं पाहिजे, उशीर झाला तर हिरवं होत नाही.

इथे दवाखान्याच्या मागे एक शाळा आहे, मी सहज जाऊन पाहिली. मोठ्या मोठ्या खिडक्या, भिंतींवर चित्रं. खुशीला खूप आवडेल. जूनसाठी आत्ताच नाव सांगून ठेवावं म्हणते.

तुमची,
नूतन

*

नवेगाव बांध
२० ऑगस्ट

नूतन,

पत्र भेटलं. समजलं.

चौथी शिकली असली तरी येवढं मले समजते का अंधारातला दोना कोनाले म्हनलं आनि खिडकी कोनाले. पोट्टी माह्यापाशी पिवळी पडून रायली नाई. धडधाकट आहे. दोन टाईम भात खाते, बैलाले भीत नाई. तुह्या शाळेले मोठ्या खिडक्या असतीन, आमच्या घराले लहान आहे.

वेळेवर काढाले पायजे म्हनतेस त' जून कायले पाह्यतेस? आजच येऊन घेऊन जाय.

आता खेळ पाठवू नको.

रुख्मा

*

नागपूर,
२५ ऑगस्ट

ती. मामीजी,

तुमचं पत्र वाचून मी खाटेवर बसूनच राहिले. मी गव्हाबद्दल लिहिलं होतं मामीजी. आईशपथ, फक्त गव्हाबद्दल!

फोन केला तर तुम्ही "बरं आहे" म्हणून मामाजींच्या हातात दिला. मामाजी म्हणाले, "पाऊस चांगला आहे." त्यांच्याशी किती बोलणार?

मग मीच माझं पत्र आठवून पाहिलं, आणि तुम्ही तसं का वाचलं ते समजलं. पोरीला वेळेवर काढा आणि खाली लगेच शाळेच्या खिडक्या. कोणालाही तसंच वाटेल. पण मामीजी, अंधारात ठेवलेला दोना असेल तर तो मी आहे. एका खोलीत चौघी जणी, दिवसभर वॉर्ड, रात्री पुस्तक. उंच होऊन राहिले म्हणतात सगळे. खुशीला उजेड पाहिजे होता, म्हणूनच तर मी तिला तुमच्याजवळ ठेवलं. दुसऱ्या कोणावर माझा एवढा भरोसा नव्हता. माझ्या आईवरही नव्हता, खोटं सांगत नाही.

तुम्ही खेळ पाठवू नको म्हटलं, पण पाकीट खुशीच्या नावाचं आहे, ते मी बंद केलं तर तिला वाटेल मी पण विसरले. म्हणून तिचं वेगळं पाठवते. तुम्हाला उघडायचं नसेल तर उघडू नका. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगू?

नूतन

*

नवेगाव बांध
१९ सप्टेंबर

नूतनले रुख्माचा आशीर्वाद.

इतके दिवस लिवलं नाई, कारन मले राग होता. तुहं पत्र वाचून अर्धा गेला, अर्धा धरून बसली होती. म्हातारपनी राग लवकर उतरत नाई.

खुशीचं पाकीट म्या देवाच्या फोटोमागं ठेवलं होतं. पन श्यामलालनं ते आधी तिलेच दाखवलन, त' ते कुठं आहे हे तिले माहीत. मी चुलीपाशी असताना खुर्ची लावून काढलन आनि तुह्या मामाजीकडून वाचून घेतलन. "डोळे बंद करून बसायचं आनि का का ऐकू येते ते सांगायचं." दोघं अंगनात डोळे मिटून बसले. येक पाच वर्षाची, येक सत्तरीचा. मी आतून पाहून रायली.

पोट्टी सांगे, "कोंबडी. पंप. श्यामलालची सायकल. तलावावरचे बदक." मंग म्हनते, "माय नाक ओढून रायली." तुहे मामाजी डोळे मिटूनच म्हनतात, "हो, मलेबी ऐकू येऊन रायलं!"

आता मी का करू सांग. भाईर जाऊन म्हनलं, धूर गेला. तू म्हनली ना साबन गेला, तसंच.

मंग ते उठली आनि कोठीच्या खोलीतून बिस्किटाचा डबा घेऊन आली. उघडून पाह्यते त' आत भुजली! तलावावर साऱ्याइले वाटून झाल्यावर तिनं मूठभर ठेवून देल्ली होती, वाळून कडक झाली. म्हनलं, "हे कोनाची?" म्हनते, "नूतनची. ते आली नाई ना, म्हनून तिची बाकी आहे."

नूतन, त्या डब्यानं माहा उरलेला राग गेला. भुजली हातात पडली का भांडन धरून ठेवता येत नाई, हे त' साऱ्याइले माहीत आहे. म्या तिथंच ठरवलं का पाठवायची.

पन माहं माहेर देवरीकडचं, छत्तीसगढले लागून. तिकडं आनिक येक रीत आहे. ज्या दोघी येकमेकीले भुजली देतात त्या जन्मभर येकमेकीचं नाव घेत नाईत. म्या खुशीले तेच सांगतलं. म्हनलं, "पाय बाई, हे तू तिले देल्ली का मंग तिले नूतन म्हनता येनार नाई. भुजलीचं नाव घेत नसतात." ते रीत मैतरिनीत रायते, माय-लेकीत नाई. पन पाच वर्षाच्या पोट्टीले कोन सांगते?

लय इचार केलन. पाकिटात घातलन, काढलन, पुन्हा घातलन. म्हनते, "मंग मी तिले का म्हनू?" म्या म्हनलं, "जे ते आहे ते म्हन." म्हनते, "का आहे ते?" म्हनलं, "तुही माय." म्हनते, "माय त' तू आहेस."

मंग म्या सांगतलं, नूतन. म्हनलं, "मी तुही आजी. माय येकच रायते." तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलन आनि हळूच इचारलन, "तू माह्यावर रागावली का, माय?"

म्या नाई म्हनलं आनि चुलीकडे गेली. यापुढं माह्याच्यानं झालं नाई. जेवढं जमलं तेवढं केलं, बाकीचं तुह्या हाती.

आता ते तुले काहीच म्हनत नाई. "नागपूरवालीचा फोन आला" म्हनते. आनि या वेळी खेळ तिनं तुले पाठवलन. सांगतलन ते लिवते: "भुजली खिडकीत ठेवायची, पानी द्यायचं, हिरवी झाली का सांगायचं. कोनी मदत करायची नाई."

दिवाळीले येजो.

रुख्मा

*

नागपूर,
२८ ऑक्टोबर

ती. मामीजी,
नमस्कार.

दिवाळीत चार दिवस तुमच्यासोबत राहिले, अनारसे केले, भांडी घासली, आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. तोंडासमोर हिंमत होत नाही. आता आपल्या दोघींना पत्राचीच सवय लागली बहुतेक.

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी ड्युटीवरून आले होते. भुजली हातात घेतली, कपाळाला लावली आणि खरंच खिडकीत ठेवली. रोज पाणी दिलं. वाळलेलं कसं हिरवं होईल? पण माझ्या लेकीने मला दिलेला पहिला अभ्यास होता, चुकवू कसा? रूममधल्या पोरी वेडी म्हणाल्या.

कोहमाऱ्याला उतरले. मामाजी होते, खुशी होती. ती काहीच ओरडली नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तर मला खालून वरपर्यंत पाहत राहिली. मला वाटलं, यापेक्षा नूतन म्हटलेलं बरं होतं! निदान ती हाक तरी मारत होती.

मग तिने माझा हात ओढला, आपला पंजा त्याच्यावर ठेवला, नीट लावून पाहिला आणि विचारलं, "हिरवी झाली का?"

मी म्हटलं, "नाही झाली गं. रोज पाणी दिलं. पण उशीर झाला होता."

ती म्हणाली, "काही होत नाई. पुढच्या वेळी तू इथंच येजो, म्हनजे ओली भेटन." मग मागे वळून म्हणाली, "मनिराम, आईची पिशवी धर ना!"

एवढंच. काही झालंच नाही अशा थाटात म्हणाली. मामाजींनी पिशवी धरली. त्यांना काही समजलं की नाही, ते पाऊसपाण्याचंच बोलत राहिले. मी जीपमध्ये नवेगावपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले.

पण मामीजी, मला हे पत्र त्यासाठी लिहायचं नव्हतं. घरी पोचल्यावर खुशी माझा हात सोडून धावत आत गेली, आणि चुलीजवळ तुमच्या गळ्यात पडून ओरडली, "माय, आई आली!"

तुम्ही ऐकलं ते. मी दारातून पाहत होते. तुम्ही फुंकणी उचलली आणि पेटलेल्या चुलीत फुंकत राहिल्या. नंतर चार दिवस ती माय म्हणाली की तुम्ही "आजी म्हन" म्हणून तिला हळूच टोकत होत्या, मी स्वयंपाकघराबाहेर असले तरी मला ऐकू येत होतं. डोळे बंद करून ऐकायचा खेळ मीच पाठवला होता ना.

टोकू नका तिला. माझी शपथ आहे. माझं मला मिळालं, मामीजी. त्यासाठी तिने तुमचं काढून घेतलं नाही, तर तुम्ही आपल्या हाताने कायले देऊन राहिल्या? जूनमध्ये ती माझ्यासोबत येईल तेव्हा तिला हाक मारायला कोणी नवेगावात पण पाहिजे.

तुमची,
नूतन

*

नवेगाव बांध
४ नोव्हेंबर

नूतनले आशीर्वाद.

कार्डावर जागा कमी आहे. तुहं पत्र दोनदा वाचलं. तुह्या मामाजीले वाचून दाखवलं त' म्हनतात, "मले स्टॅण्डवरच समजलं होतं, पन सांगतलं असतं त' दोघीबी रडल्या असत्या." असे आहेत ते.

टोकत नाई आता.

धान कापाले आला आहे, खेळ थोडा लहान पाठवजो. आनि जूनमध्ये पोरीले घेऊन जाय, पन भुजलीले दोघीबी याल, सुट्टी आतापासून सांगून ठेवजो. गहू मी राखून ठेवते. दोने अंधारात ठेवीन, आनि येक डबा खिडकीतबी ठेवीन.

रुख्मा